न बसणारा तुरा

हात वर गेला आणि हवेतच थांबला. एवढंच झालं. दार उघडं होतं, जिन्यातला दिवा अजून कोणी मालवला नव्हता, आणि पायपुसण्यावर माझा नवरा उभा होता, एका हातात डबा, खांद्याला हत्यारांची पिशवी, पायात आदल्या दिवशी दोनदा पॉलिश केलेले बूट. आजारपणानंतर कामावर जायचा त्याचा पहिला दिवस. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी याच जागी ओला तळहात त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दाबत आले, कारण तिथे केसांचा एक तुरा आहे, जो कोणाच्या बापाला जुमानत नाही. होता, म्हणायला हवं. आज सवयीने मी नळाखाली हात ओला केला, दारात आले, हात उचलला, आणि दाबायला काही नव्हतंच. केस शहाण्या मुलांसारखे ओळीने खाली बसलेले. त्यानेही डोकं जरासं बाजूला घेतलं. ‘राहू दे,’ म्हणाला, ‘बसलेत ते. तू कशाला त्रास घेतेस?’ आणि वर ‘थँक्यू’ म्हणाला. मग जिना उतरून गेला. तळहातावरचं पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं, तेव्हा कुठे मी दार लावलं.

वाईट काय होतं त्यात? काही नाही. माणूस मरणाच्या दारातून परत आला, चार घास जेवायला लागला, आपल्या पायांनी जिना उतरला. बाहेर ऊनही चांगलं पडलं होतं. मी खिडकीशी उभी राहून चहा प्यायले आणि स्वतःला बजावलं की बाई गं, आज तू सुखी आहेस, नीट बघून घे. आणि मी सुखी होतेच, खोटं कशाला बोलू. पण ज्या बुटात खडा गेलाय तो बूट कितीही नवा असला तरी लक्ष खड्याकडेच जातं. ओला हात राहून राहून आठवत होता. आमच्या लग्नाच्या फोटोत मी आहे, तो आहे, आणि आमच्या दोघांच्या मधोमध, मागच्या पडद्यावर स्पष्ट उठून दिसणारा तुरा आहे. फोटोग्राफरने तीनतीनदा सांगितलं, ‘साहेब, मागचे केस.’ साहेबांनी तीनतीनदा हात फिरवला. शेवटी सासूबाई पुढे झाल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्यांनी पेल्यातल्या पाण्यात हात बुडवला, मुलाच्या टाळूवर दाबून धरला, आणि फोटोग्राफर ‘रेडी’ म्हणताच चपळाईने बाजूला झाल्या. बटण दाबेपर्यंत तुरा पुन्हा उभा. नंतर त्या मला आत घेऊन गेल्या. मला वाटलं, काही दागिना वगैरे देणार. त्या म्हणाल्या, ‘याला दोन भोवरे आहेत. एक उजवीकडे फिरतो, एक डावीकडे, आणि मधल्या केसांना कुठे जावं ते कळत नाही, म्हणून ते वर जातात. आता तू बघ बाई. माझा हात दुखला.’ लोक म्हणतात, दोन भोवऱ्यांच्या माणसाची दोन लग्नं होतात. पुढे अनेक वर्षं मी त्याला ऐकवत असे, की आण दुसरी, खुशाल आण, एक दिवसाआड तरी मला सुट्टी मिळेल. तो म्हणायचा, एकीचाच हात एवढा जड आहे, दोघींचा पडला तर मान आत जाईल.

त्यात गंमत अशी की केस बसवणं हा माझा धंदा. नाटक मंडळीत मी टोप करते. जाळीवर आकडीच्या बारीक सुईने एकेक केस गाठवायचा, मग तो टोप लाकडी डोक्यावर चढवायचा, धुवायचा, वळवायचा, आणि चिकट पाणी लावून सुकवायचा, की मग तो नट कितीही उड्या मारो, केस हलत नाही. माझ्या हातून राजे गेले, भिकारी गेले, टकले नट कुरळे होऊन गेले. पण घरच्या एका तुऱ्यापुढे माझी सगळी विद्या फुकट. तेल झालं, रात्री फडकं बांधून झालं, गरम वाऱ्याचं यंत्र झालं. कापला तर खिळ्यासारखा उभा, वाढवला तर वळून वर. त्याची नोकरी इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्याची. डोक्यावर दिवसभर हेल्मेट, आणि हेल्मेट काढलं की माणसाच्या आधी तुरा बाहेर. कचेरीत त्याला कोंबडोजी म्हणत, त्याच्या समोर. त्याला काही वाटत नसे, मला वाटे. जगाने म्हणावं की टोपवालीच्या नवऱ्याचं डोकं बघा? म्हणून दारातला तळहात. तो ‘अगं उशीर होतोय’ म्हणून ओरडायचा, मी ‘उभा राहा’ म्हणून ओरडायचे, आणि त्या ओरडण्यात माझा तळहात त्याच्या टाळूवर काही क्षण असायचा, तिथली ऊब हाताला लागायची, कवटीचा तो छोटासा उंचवटाही. मग तो जायचा. आमच्यात दिवसाउजेडी याहून जास्त लाडीगोडी कधी झाली नाही, आणि तिला लाडीगोडी म्हणतात हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

औषधाने केस गेले. एका आठवड्यात गेले, उशीवर, टॉवेलवर, माझ्या हातात. सगळ्यात शेवटी तुरा गेला. तो हॉस्पिटलातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि मला काहीतरी बोलायचं होतं, कारण न बोलणं सहन होत नव्हतं. मी म्हटलं, ‘चला, बसला एकदाचा. आता नवीन येतील ते तरी शहाण्यासारखे येऊ देत.’ तो हसला नाही. मी त्याच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो कळवळून ओरडला. औषधाने डोक्याची कातडी इतकी हुळहुळी झाली होती, की उशीची शिवणसुद्धा टोचे. त्या ओरडण्याने माझा हात जो मागे आला तो मागेच राहिला. दिवसभर मी परक्यांची डोकी हाताळायची, ह्याचं डोकं पुसायचं, त्याच्या कानामागे पिन खोचायची, आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या डोक्याकडे नुसतं बघायचं, तेही चोरून. केस परत येतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जसे होते तसेच येतील असं मात्र नाही, कुणाचे सरळ येतात, कुणाचे कुरळे. ह्याचे सरळ आले. काळेभोर, चकचकीत, आज्ञाधारक. रात्री तो लोकरीची टोपी घालून झोपायला लागला, डोक्याला गार लागतं म्हणून, आणि सकाळी माझ्या आधी उठून भांग पाडून तयार. शेजारीण म्हणाली, ‘अहो, वय दहा वर्षांनी कमी झालं.’ मी म्हटलं, ‘हो ना.’

खरं सांगायचं तर केसांचं एकवेळ सोडा. माणूसच भांग पाडल्यासारखा झाला होता. ताटात जे वाढीन ते खायचा. भाजी अळणी झाली तरी छान म्हणायचा. पाणी दिलं की थँक्यू, औषध दिलं की थँक्यू. जुना असता तर ‘हे काय उकडलंयस?’ म्हणाला असता, मी ‘मग करून घे’ म्हटलं असतं, आणि घर घरासारखं वाटलं असतं. हा पाहुण्यासारखा वागत होता, चांगल्या, अडचण न करणाऱ्या पाहुण्यासारखा, आणि पाहुण्याची मला भीती वाटते, पाहुणा कधीतरी जातो. मला माझा नवरा परत हवा होता, तुऱ्यासकट. पण हे बोलायचं कुणाजवळ? माहेरी बहिणीला फोन करून काय सांगणार, की नवरा बरा झाला, कामावर गेला, केस छान आले, आणि म्हणून मला रडू येतंय? तिने माझीच तब्येत विचारली असती.

असली डोकेफोड करत मी नाट्यगृहात पोचले तर तिथे निराळीच डोकेफोड. नव्या नाटकात आमचे नायक एका कारकुनाचं काम करताहेत. बायको वारलेली, मुलं नाहीत, दोन खोल्यांत एकटा राहणारा माणूस. त्याचा टोप मी महिनाभर खपून केला होता आणि मनातून त्यावर खूश होते. दिग्दर्शिका मला मुलगी शोभेल एवढी, तोंडाने गोड, पण हेका सोडत नाही. ती टोपाभोवती फिरली, डोळे बारीक केले, पुन्हा फिरली. ‘मावशी, काम सुंदर आहे,’ ती म्हणाली. असं कोणी सुरुवातीलाच म्हटलं की पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं. ‘पण हा फारच बसलाय हो. हा माणूस एकटा राहतो. ते त्याच्या डोक्यावरून कळायला पाहिजे. सकाळी घरातून निघताना याला कोणी सांगणारं नाही की मागचे केस उभे राहिलेत.’ नायक आरशात बघत म्हणाले, ‘मला तर बुवा आवडला. देखणा दिसतोय मी.’ ‘तोच तर प्रॉब्लेम आहे,’ ती म्हणाली. ते दोघं हसले. मला मात्र तिचं वाक्य छातीत जाऊन बसल्यासारखं झालं. दारात कोणी नाही म्हणून तुरा उभा. माझ्या घरी दारात मी होते, ओला हात घेऊन, आणि तुराच नव्हता. दोन्हींत जास्त एकटं कोण, याचा मी उगाच विचार करत राहिले.

‘दुपारपर्यंत देते,’ मी म्हटलं, आणि खोलीचं दार लावून बसले. टोप लाकडी डोक्यावर चढवला. टाळूजवळचे केस उसवले. आता खरं तर एक भोवरा पुरे होता. रंगमंचावर कोण एवढं निरखून बघतंय? पण सुई हातात घेतली आणि हात आपल्याच वाटेने निघाला. उजवीकडे फिरणारा एक, डावीकडे फिरणारा एक, डावा किंचित खाली. मधले केस मुळाशीच उलट्या दिशेने गाठवले, म्हणजे ते आडवे पडायला बघतील आणि पडू शकणार नाहीत. मी काही आठवत नव्हते, डोळे मिटले असते तरी चाललं असतं. तळहाताला सगळं पाठ होतं. खिडकीतून ऊन येऊन माझ्या मनगटावर पडलं होतं, बाहेर सुतार कुठेतरी खिळे ठोकत होता, आणि मी त्या लाकडी डोक्यावर वाकून गाठीमागून गाठ मारत होते. कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटत होतं. काम संपल्यावर मी ओल्या हाताने तुरा खाली दाबला. हात उचलला. तो उठला. मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग चोर असल्यासारखं दाराकडे बघितलं.

तालमीत नायकांनी टोप चढवला आणि पाठमोरे होऊन खोट्या खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. मी पडद्याआड उभी होते. पाठ त्यांची, खांदे त्यांचे, आणि वर तो. माझा नवरा त्या परक्या खोलीत उभा होता, बायको वारलेला माणूस म्हणून, आणि मी इकडे अंधारात, म्हणजे मीच ती वारलेली. मग नायकांनी सहज हात मागे नेऊन तुरा दाबला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तो उभा राहिला. त्यांनी पुन्हा दाबला. दिग्दर्शिका खालून ओरडली, ‘हे ठेवा! हे असंच ठेवा! मावशी, कुठून आणलंत हे?’ मी ‘असंच सुचलं’ म्हटलं. पण घरातली एक वस्तू, कोणाला न विचारता, बाहेर देऊन टाकल्यासारखं मला वाटलं. डोकं दुखतंय म्हणून मी लवकर निघाले. ते मात्र खोटं होतं. डोकं सोडून बाकी सगळं दुखत होतं.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. दाराशी त्याचे बूट, एक आडवा पडलेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने बूट असे वेडेवाकडे टाकले होते. आत तो खिडकीजवळच्या खुर्चीत झोपला होता. पहिल्या दिवसाने दमला असणार, लिफ्टच्या खड्ड्यातलं ग्रीस धुवायला डोक्यावरून अंघोळ केलेली, मानेवर ओला टॉवेल, तोंड उघडं. आणि डोक्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीवरून डोकावणारा, उन्हात एकेक केस वेगळा दिसणारा, तुरा. आधी वाटलं, खुर्चीला घासून केस उभे राहिले असतील. मग वाटलं, दिवसभर तेच तेच बघून डोळ्यांत बसलंय. मग त्याच्या मांडीवर पडलेला माझा कंगवा दिसला. खिडकीत माझी बाटली होती, टोप बसवायच्या चिकट पाण्याची, झाकण उघडं. महिन्याला एक पुरते ती बाटली हल्ली पंधरा दिवसांत संपत होती आणि मी स्वतःलाच बोल लावत होते, की हात कापायला लागले वाटतं, सांडतेय. माझ्या हातांना, कपड्यांना, उशीला त्याच पाण्याचा वास. सगळं घरच त्या वासाचं. मासे विकणारीला घरात मासा शिजलेला कळत नाही म्हणतात, तशी मी नवऱ्याच्या डोक्यावर माझंच चिकट पाणी असताना रोज त्याच्या शेजारी झोपत होते. आणि एकदा हात लावला असता तरी कळलं असतं. चिकट पाण्यात सुकलेला केस बोटांना लगेच सांगतो. तेवढाच हात मी लावला नव्हता.

माझी पिशवी खाली पडली आणि तो जागा झाला. मला बघितलं, आणि चोरासारखा त्याचा हात डोक्याच्या मागे गेला.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘आज लवकर कशी आलीस?’

‘मी काय विचारलं?’

‘केस आले तेव्हापासून,’ तो म्हणाला. ‘सगळ्यात आधी तोच आला. बाकी डोकं गुळगुळीत आणि तेवढाच उभा. मग मी टोपी घातली.’

‘पण का रे? का?’

त्याने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ‘तूच म्हणालीस ना? नवीन येतील ते शहाण्यासारखे येऊ देत.’

‘अरे, मी तुला हसवायला म्हटलं होतं!’

‘मला नव्हतं हसू आलं. मला वाटलं, यातून वाचलो तर हिचं एवढं तरी ऐकायचं. इतके महिने तू केलंस माझं. त्याचं काय देणार मी तुला? साडीचोळी, दागिना काही आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकानात परत देऊन आली असतीस. जन्मभर तुला एकच गोष्ट हवी होती.’

मी खुर्चीजवळ गेले. रडायला यायला लागलं होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की मला बोलता येत नाही. ‘मूर्ख माणसा,’ मी शेवटी म्हटलं, ‘मला तो बसलेला कुठे हवा होता? मला तो बसवायचा होता. रोज. माझ्या हाताने.’

तो माझ्याकडे बघत राहिला. लिफ्ट कुठे अडकली ते शोधताना त्याचा चेहरा असाच होत असणार. ‘मग हात का लावत नव्हतीस?’ त्याने विचारलं.

‘तू ओरडलास ना. हॉस्पिटलात. दुखतं म्हणून.’

‘ते तेव्हा. नंतर कधीच थांबलं दुखायचं.’ त्याने मानेवरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. ‘मला वाटलं, तुला ते डोकं नकोसं झालंय. म्हटलं, निदान नीटनेटकं तरी ठेवावं.’

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओला नव्हता, तसाच. केस पूर्वीपेक्षा मऊ होते, पण उंचवटा तिथेच होता, दोन भोवरे तिथेच, डावा किंचित खाली. ऊबही तीच. तो ओरडला नाही. डोळे मिटून बसला. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मी किती वेळ हात तसा ठेवला ते माहीत नाही. हात दुखायला लागला तरी काढला नाही, हे आठवतं.

‘त्या पाण्याने भयंकर खाज सुटते,’ तो डोळे मिटूनच म्हणाला. ‘आणि टोपीत नुसता उकडून निघतो. नट कसे सहन करतात कोण जाणे.’

‘त्यांना पैसे मिळतात. आणि माझी चांगली बाटली संपवलीस ती? एका थेंबाचं काम असतं, तू काय अंघोळ करत होतास?’

‘मला काय माहीत किती लावायचं? तुला विचारणार होतो होय?’

‘आणि ऐक. आज तुझा तुरा मी एकाला दिला.’

‘कोणाला?’ त्याने डोळे उघडले. मी त्याला कारकुनाचा टोप, नायक, पाठमोरं उभं राहणं, सगळं सांगितलं. त्याने अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. ‘परत घे,’ तो म्हणाला. ‘नाहीतर पोस्टरवर माझं नाव घालायला सांग.’ मग म्हणाला, ‘ते जाऊ दे, भूक लागलीय. सकाळच्या डब्यात काय दिलं होतंस? भाजीत मीठ नव्हतं.’

‘मग तिथेच का नाही सांगितलंस फोन करून?’

‘आता सांगतोय ना.’

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी मुद्दाम जोरात आपटली. मीठ जरा जास्तच घातलं. त्याने ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं, पाणी मागितलं, मी दिलं, आणि तो थँक्यू म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळाखाली हात ओला केला आणि दारात गेले. तो पायपुसण्यावर उभा होता, डबा, पिशवी, न पुसलेले बूट. ‘अगं उशीर होतोय,’ तो ओरडला. ‘उभा राहा,’ मी ओरडले. तळहात टाळूवर दाबला. पाण्याचा एक ओघळ त्याच्या कॉलरमध्ये गेला, तसा तो शहारला आणि शिव्या देत हसला. पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ मी हात ठेवला असेन, पण त्याने काही म्हटलं नाही.

‘बसला?’ त्याने विचारलं.

‘बसला,’ मी म्हटलं.

तो जिना उतरायला लागला. पहिल्या वळणाआधीच तुरा उठला. मी कठड्यावरून वाकून त्याला तसं ओरडून सांगितलं, आणि त्याने मागे वळूनही बघितलं नाही.